न घेतलेल्या मनुका

रविवार, ६ मार्च १९८८, गुलबर्गा. सकाळी चर्चमध्ये उपासना झाली. मुलांचा वर्ग घेतला. बाराला घरी आले, सकाळचीच भाकरी खाल्ली. दुपारभर काही केलं नाही.

अप्पा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि अजून तुमच्याशी वाद संपत नाही, याचा मला आता कंटाळा आला आहे.

आज वर्गात मी सांगितलं की आदामानं फळ खाण्याआधीही देवाची कृपा होतीच. मातीला श्वास मिळाला, बाग मिळाली, सोबतीण मिळाली. त्यानं त्यासाठी काय केलं होतं? नवे पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. वर्ग सुटल्यावर म्हणाले, "बाई, तो देवाचा चांगुलपणा. कृपा ही पाप्यासाठी असते. पतनच झालं नव्हतं तर कृपा कसली? पुढच्या रविवारी मुलांना नीट सांगा." मी म्हटलं, लायकी नसणं वेगळं आणि गुन्हा करणं वेगळं. लायकी तर पहिल्या दिवशीही नव्हती. ते हसले. "तुमचे वडीलही मी म्हणतो तेच शिकवायचे की. मनुकांची गोष्ट तुमचीच ना? आमच्या आजोबांनी मन्नाएखेळ्ळी गावात ऐकली होती."

झालं. मी हजेरीची वही कपाटात ठेवली आणि घरी आले.

तुम्ही सायकलवर गावोगाव उपदेश करत फिरायचात, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-प्याल्याच्या विधीच्या, आदल्या शनिवारी आपल्या घरी ओसरीवर बसायचात. ज्याचं ज्याच्याशी भांडण, ज्याच्या हातून जे चुकलं, ते त्यानं येऊन सांगायचं. मग तुम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचात. अक्का दर वेळी काहीतरी करून ठेवायची आणि दर वेळी तिच्या डोक्यावर हात. माझी पाळी आली की तुम्ही वर न बघता म्हणायचात, "तुझं काय न्हाई. जा, आईला पाणी आणून दे." अक्का मला चिडवायची, "तू लई शहाणी, तुला देव कामून लागतो?"

मी नऊ वर्षांची होते. त्या शनिवारी आईनं द्राक्षरसासाठी मनुका आणून डब्यात ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्या भिजवून, कुस्करून, दुसऱ्या दिवशीचा प्याला तयार व्हायचा. मी तुमच्यापुढं येऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, प्रभूच्या मनुका मी खाल्ल्या."

आई आतून ओरडली, "काय बी बोलायलीय ही! आत्ताच बघितला की म्या डबा. भरलेला हाय."

तुम्ही म्हणालात, "तू गप बस." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. अक्काच्या वेळेपेक्षा जास्त.

इतकंच झालं असतं तर ठीक होतं. पण तुम्ही ती गोष्ट गावोगावी नेलीत. "माझ्या पोरीनं देवाच्या मेजावरचं चोरलं, आणि रडत आली, आणि मी हात ठेवला. ही कृपा!" मी रडलेसुद्धा नव्हते. लग्नात, मयतीत, भालकीपासून इकडं आळंदपर्यंत माणसं माझ्याकडं बघून हसायची, "व्हय, हीच का मनुकावाली?" तीस वर्षं एका न केलेल्या चोरीवर लोकांनी कृपेचा धडा घेतला. आणि आता तीच गोष्ट पुढं करून मला गप्प करतात. तुम्ही नाही आणि तरी तुमचंच खरं.

मला एकच कळत नाही आणि तेच मला सोडत नाही. आई बोलली ते तुम्ही ऐकलं होतं. इतक्या वर्षांचा तुमचा संसार, ती असल्या बाबतीत कधी चुकत नसे, हे तुम्हाला माहीत होतं. मग तो हात कोणावर ठेवलात? चोर समजून ठेवला असेल तर तुम्ही आईच्या शब्दावर विश्वास ठेवला नाहीत. आणि मी काही घेतलं नाही हे माहीत असून ठेवला असेल, तर अप्पा, पापाआधीची कृपा तुम्ही स्वतःच्या हातानं दिलीत आणि आयुष्यभर उलटं शिकवत राहिलात. कामून? एवढं विचारायला मी तुमच्या शेवटच्या आजारपणात तीन वेळा खाटेजवळ बसले. तिन्ही वेळा औषधाची वेळ विचारून उठले.

पुढच्या रविवारी मी मुलांना तेच सांगणार आहे जे आज सांगितलं. पाळकसाहेबांना मनुकांचंही खरं सांगेन. वर्ग काढून घेतला तर घेऊ देत. तुमची गोष्ट मोडेल, त्याला माझा इलाज नाही.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, कुठं टाकायचाही नाही. फक्त एक राहिलं. मनुका मी घेतल्या नाहीत, पण तुमच्याशी खोटं बोलले, ते पाप खरं होतं. त्याची माफी मी कधीच मागितली नाही. मागितली तर तुम्ही आधीचा हात परत घ्याल, अशी भीती वाटायची. अजून वाटते.

नळाला पाणी आलंय. घागर लावायला उठते.