पेटीचं झाकण

यवत,
ता. १० फेब्रुवारी २००२

चि. सबीना हिला अब्बांचा सलाम आणि दुआ.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या अकिलाखालाचा पाय आता कसा आहे? प्लास्टर खाली खाजतं म्हणून ती सुई घालून खाजवेल, तिला घालू देऊ नकोस. निमोण्याला थंडी जास्त असते. कानाला बांधत जा.

मी दोन्ही वेळ जेवतो. गॅस झोपायच्या आधी दोनदा बघतो. पाटसला कारखान्यावर पेन्शनच्या कागदासाठी गेलो होतो, साहेब रजेवर होते. रजेवर का होते कुणी सांगेना, म्हणून जरा काळजी वाटते.

गुरुजी रोज चार वाजता काठी टेकत येतात. बबनराव गुरुजींची नजर आता अगदीच गेली. परवा मला त्यांच्या घरच्या रंगुबाई समजून बोलत होते. तुझ्या खुर्चीशेजारी बसतात, कॉम्प्युटर मशीनच्या डब्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "सबीना कधी येणार? पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय." मी म्हणतो, बकरी ईदला येईल.

एक गंमत सांगू की नको, असं चाललं होतं. सांगतोच. तुझ्या मशीनचं रूप बदललं आहे. तू आलीस की एकदम दाखवायचं होतं, पण माझ्या पोटात राहात नाही. भाचा अक्रम पुण्याहून टेम्पो रिकामा घेऊन आला, त्याच्याकडे एक सीडी होती. मी म्हटलं, सबीनाचा पडदा नुसता निळा आहे, ईदला घराला चुना देतो तसं त्यालाही काहीतरी कर. त्याने अर्ध्या तासात केलं. आता पडदा सागवानी लाकडाचा दिसतो. बाणाच्या जागी पिसाची लेखणी आहे. खालच्या कोपऱ्यात एक पेटी आली आहे, पितळी पट्ट्यांची, अगदी तुझ्या अम्मीच्या पेटीसारखी. मी बघतच राहिलो.

जाताना तू म्हणाली होतीस, गुरुजींचं पुस्तक सांभाळा. अक्रम मशीनवर पत्ते खेळतो, त्याचा हात कुठेही पडतो. म्हणून तू शिकवलंस तसं धरलं, ओढलं आणि गुरुजींच्या पुस्तकाचा पिवळा कप्पा पेटीत ठेवला. मशीनने इंग्रजीत काही विचारलं, मी एंटर दाबलं. पेटीचं झाकण उघडं राहिलं होतं, तेही बंद केलं. आता काळजी नाही.

यात काही बिघडत नाही ना? पत्र मिळताच एवढं कळव. अकिलाला सलाम.

तुझा अब्बा,
अल्लाबक्ष


यवत,
ता. १५ फेब्रुवारी २००२

चि. सबीना हिला अब्बांची दुआ.

तुझं उत्तर अजून आलं नाही. पहिलं पत्र पोचलं नसेल तर बरं, असंही वाटतं आणि पोचलं असेल तर बरं, असंही वाटतं. निमोण्यात फोन दुकानावर आहे, तिथे चार माणसं कान लावून बसतात. असलं बोलणं मला तिथे करता येणार नाही.

आज जुम्मा. नमाजाहून आलो, दोन घास खाल्ले. शेजारच्या शेळीला दोन करडं झाली. एक काळं आहे.

सबीना, मी मागे लिहिलं की झाकण बंद केलं. कसं केलं ते लिहिलं नव्हतं.

पिवळा कप्पा आत टाकला आणि पेटी आपोआप उघडली. आतून कागद दिसायला लागले. मी थांबलो, आता मिटेल, मग मिटेल. मिटेना. तुझी अम्मी पेटी उघडी टाकली की घर डोक्यावर घ्यायची, तुला आठवतं. मला चैन पडेना. उजवं बटण दाबलं की यादी येते, हे तू दाखवलं होतंस. त्यातली एकेक ओळ दाबून पाहिली. पहिल्या दोन ओळींनी नुसती खिडकी उघडली. तिसरी दाबली तेव्हा त्याने परत काही विचारलं. मी एंटर दाबलं. कागद फाडल्यासारखा आवाज झाला आणि झाकण बसलं. सबीना, मला आनंद झाला गं. मी तुझ्या अम्मीच्या, राबियाच्या फोटोकडे बघून म्हटलंसुद्धा, बघ, मला जमलं.

काल अक्रम आला. मी त्याला कौतुकाने सांगितलं. तो हसायला लागला आणि मधेच हसायचा थांबला.

"मामू, ती पेटी न्हाई. ती कचऱ्याची बादली हाय. सीडीनं फकस्त तिचं चित्र बदललंय."

"आरं पण पितळी पट्ट्या हायत तिला."

"पट्ट्या हायत, पण बादलीच हाय. कचरा पडला की झाकण उघडतंय. आन् तुम्ही ते बंद केलं म्हंजी बादली रिकामी केली."

नऊ महिने गुरुजी बोलले आणि तू टाईप केलंस. कागद एकही नाही. फ्लॉपीला बुरशी आली म्हणून तू टाकून दिलीस, तेव्हा मीच म्हटलं होतं, मशीनमध्ये आहे ना, मग झालं.

अक्रम म्हणतो, पुण्यात एकजण असलं गेलेलं बाहेर काढतो. सगळं नाही, पण निघतं. "फकस्त मशीन लावायचं न्हाई मामू. लावलं की जुन्यावर नवं बसतंय." पण झाकण बंद केल्यानंतर मी तीन वेळा लावलं होतं, नुसती ती पेटी बघायला. हे मी अक्रमला सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे.

आज चारला गुरुजी आले. म्हणाले, "अल्लाबक्ष, आज अक्रमला बसव. माझ्या आईचं प्रकरण वाचून दाखवू दे. मला तिच्या माहेरचं नाव आठवत नाही. सकाळपासून आठवतोय."

मी म्हटलं, "गुरुजी, लाईट न्हाई."

ते म्हणाले, "समोर गिरणी चालू आहे, अल्लाबक्ष."

दळण पडत होतं, ते मलाही ऐकू येत होतं. त्यांनी डब्यावर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "असू दे. ह्यात आहे ना, मग मी विसरलो तरी चालतंय." आणि काठी शोधत गेले.

ते गेल्यावर मी सगळ्या वायरी काढल्या. डबा राबियाच्या गोधडीत गुंडाळला आणि तिच्या पेटीत ठेवला, खऱ्या पेटीत. कुलूप लावलं. मला माझ्या हाताचा भरवसा वाटेना. अक्रम सोमवारी टेम्पो घेऊन येतो, पुण्याला जायचं म्हणतो. मी त्याला सांगितलं, सबीना आल्याशिवाय डबा हलणार नाही. तू अक्रमसोबत स्वतः जा. हे पत्र टपालात न टाकता उद्या पहाटेच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो, रविवारपर्यंत पोच. अकिलाजवळ शेजारीण ठेव, पण ये.

तू रागावशील याची मला एवढी भीती नाही. तू "असू दे, अब्बा" म्हणशील आणि मग पुन्हा कधी माझ्या हातात काही ठेवणार नाहीस, याची आहे.

उद्या चार वाजता गुरुजी येतील, त्यांचा हात रिकाम्या टेबलावर पडेल. ते व्हायच्या आधी, सकाळीच, मी त्यांच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. त्यांच्या आईच्या माहेरचं नाव तुला आठवत असेल तर हे पत्र वाचता वाचताच कागदावर लिहून ठेव.

पेटीची किल्ली पाकिटात घातली आहे. दुसरी नाही.

तुझा बाप,
अल्लाबक्ष