मातीला हात

शनि., ९ सप्टें. २००६, शुगर लँड, अमेरिका
लेकीच्या, रेवाच्या फुटबॉल टीमचा कोच तीन वर्षं मी. आजपासून केन. वय बासष्ट, इंग्लंडचा, मुलीकडे राहायला आलाय. नात आमच्याच टीममध्ये. तिकडे एकाच क्लबकडून अकरा वर्षं खेळला, राइट बॅक, पगारी. पालकांनी मिनिटभरात ठरवून टाकलं. मी असिस्टंट. म्हणजे सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायचे, संत्री कापायची.

मंगळ., १२
केनने मुलींना फोटो दाखवला. चिखलात उभे अकरा जण, मागे गिरणीची चिमणी. गावात गालिच्यांच्या गिरण्या, ओतकामाचे कारखाने, आठवड्याचा बाजार. बाजार उरकून लोक पिशव्या घेऊन थेट मॅचला. गुडघा गेल्यावर त्यानं त्याच बाजारात चीजचा गाळा टाकला. अरे, हे तर आमचं इचलकरंजी! माग, बाजार, चिखल, सगळं. पण बोललो नाही. त्याच्या गावालासुद्धा ऐकणारे मिळतात, याचा राग आला. माझा तर खेळतानाचा एकही फोटो नाही.

गुरु., १४
रेवा गाडीत: "बाबा, कोच केन वॉज अ रिअल प्लेयर."
आणि मी?
"यू प्लेड फॉर फन, ना?"
फन! कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीममध्ये दोन सीझन काढलेत. बरं, बहुतेक बाकावरच. पण ते तिला कुठे माहीत आहे.

शनि., १६
मैदानात पाय टाकण्याआधी वाकून मातीला हात, मग कपाळाला. आम्ही सगळे करायचो. रेवाला मीच शिकवलं, चार वर्षांची असताना. आज ती सरळ आत पळाली. केन शेजारी उभा राहून हसत होता. डोकंच फिरलं.

रवि., १७
सगळ्या पालकांना मेल टाकली. केन मुलींना आपले संस्कार सोडायला लावतो, वगैरे. टीममधली निम्म्याहून जास्त घरं देशी. वैशाली: "आधी त्याला विचारलंस का?" बायको हे सेंड केल्यावर विचारते.

बुध., २०
पालकांची मीटिंग. केनला कोचिंग सोडायला सांगितलं. वाटलं, भांडेल. त्यानं शिट्टी माझ्या हातात दिली. "सॉरी इफ आय अपसेट एनीवन." येताना गाडीत मी शीळ घालत होतो. लिहायला लाज वाटते, पण घालत होतो.

गुरु., २१
रेवा रडून लाल. "ही टोल्ड मी टु कीप डूइंग इट!" केन तिला म्हणाला होता म्हणे, आम्ही पण आत जाताना फाटकाच्या खांबाला हात लावायचो, तू सोडू नकोस.
मग सोडलंस का?
"बिकॉज यू टेल एव्हरीबडी तू शिकवलंस. एव्हरी सिंगल टाइम, बाबा."

शुक्र., २२
दुसरी मेल लिहायला घेतली. 'माझा गैरसमज झाला' लिहिलं, खोडलं. गैरसमज कसला, जळत होतो. तेवढंच लिहवेना. ड्राफ्टमध्ये ठेवली. रेवाला सांगितलं, पाठवतो.

शनि., २३
मॅच. शिट्टी माझ्या गळ्यात. केन लांब पार्किंगपाशी, घडीच्या खुर्चीत, नातीचा खेळ बघायला आलेला. बाकीच्या मुली आत गेल्या. रेवा रेषेपाशी थांबली. वाकली नाही, आतही गेली नाही.
"डिड यू सेंड इट?"
म्हटलं, घरी गेल्यावर.
तिनं बूट सोडले, हातात घेतले आणि केनच्या खुर्चीशेजारी गवतात जाऊन बसली. एक मुलगी कमी घेऊन खेळलो. हरलो.
घरी येऊन तास झाला. ड्राफ्ट समोर उघडा आहे. ती दारात उभी आहे, बूट अजून हातातच.