ओसरीवरची टाळेबंदी

४ जानेवारी

दिपाली नागपूरहून आली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय — औद्योगिक संबंध. म्हणजे मालक आणि कामगार यांचं कशानं जमतं, कशानं बिघडतं. एवढ्यासाठी दोन वर्षं! मी सातवी नापास, तरी नातीची पुस्तकं चाळतो. वाचून काळजीच वाटते. तिची आई, माझी सून प्रभावती, इथंच दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात टोपल्यांनी कापूस वाहते. पोरगी तिथं जाऊन काही विचारत बसली तर? सुनेचं काम गेलं तर चूल कशावर पेटेल?

५ जानेवारी

सकाळी दिपाली फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "एक तारखेपासून टाळेबंदी. फायनल!"

पुन्हा कोरोना! धावत गफ्फारच्या दुकानात. आटा, मीठ, काडेपेट्या. वाटेत भेटेल त्याला सांगितलं. गफ्फार म्हणाला, "काका, टीव्हीवर तं काहीच नाही. तुमाले कोणं सांगतलं?" म्हटलं, नातीनं — कॉलेजात शिकते!

संध्याकाळी त्याच्या दुकानातला आटा संपला.

दिपाली हसून लोळली. "आबाजी, थे टाळेबंदी नाही! मालक कारखान्याले कुलूप लावते अन् कामगारायले भाईर ठेवते, थे!"

म्हणजे कोरोना बरा होता.

६ जानेवारी

खरं कुलूप नाही म्हणे. कॉलेजात लुटुपुटीच्या वाटाघाटी असतात, त्याचे गुण मिळतात. अर्धी पोरं मालक, अर्धी कामगार. दिपालीच्या चिठ्ठीत मालक निघाला. आमच्या घरात मालक!

८ जानेवारी

मालकाला सरावासाठी कामगार हवेत. प्रभावतीसोबतच्या बाया कामावरून थेट आमच्या ओसरीवर. दिपाली खुर्चीत, माझा चष्मा लावून.

मानीबाई म्हणाली, "मालक, संडास पायजे. भाईर जा लागते म्हणून आमी दिवसभर पाणी पेत नाही."

"जागा नाही."

"ट्रकायले हाये, आमालेच नाही काहून?"

"पुढच्या वर्षी पाहू."

"मांगच्या वर्षीबी पुढचंच वर्ष होतं, मालक!"

सगळ्या खिदळल्या. प्रभावती माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. ती पदर खोचून उभी राहिली. "वर्ष नोका सांगू. तारीख सांगा."

मी आत जाऊन दार लोटलं. जिनिंगच्या मुकादमाचं घर चार घरं सोडून आहे!

११ जानेवारी

दिपाली गेली. मुकादम रस्त्यात भेटला, रामराम केला नाही. की मीच केला नाही? आठवत नाही.

१५ जानेवारी

दिपालीचा फोन. वाटाघाटी झाल्या. तिनं शेवटपर्यंत संडास दिला नाही. सर खूश, वर्गात तिचाच नंबर पहिला. "पण लय वाईट वाटलं, आबाजी."

वाईट कायले वाटायचं? पास झाली ना! आज बरी झोप लागेल.

१६ जानेवारी

अंधार पडला तरी प्रभावतीचा पत्ता नाही. जिनिंगच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. फाटक बंद! काम गेलं, नक्की गेलं.

आली ती फोन कानाला लावूनच. मी विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "मामाजी, थांबा जराशे." मला! आणि मग फोनमध्ये —

"दिपाली, आमी साऱ्याजणी मालकाकडे गेलतो. मीच बोलली. सोमवारी संडासाचा खड्डा खोदून राह्यले. तुयापेक्षा थो खरा मालक सोपा निघाला वं!"