आडोशाचे लुगडे

मी, पार्वताबाई सेवकराम शहारे, वय ७६, राहणार सौंदड, जिल्हा गोंदिया, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही म्हातारीला चळ लागला असे ज्याला म्हणायचे त्याने खुशाल म्हणावे.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. त्याचा अर्धा हिस्सा मुलगा राजदीप याला व अर्धा सून स्नेहल हिला, स्वतंत्र मालकीने.

२. पाऊण एकर धानाची बांधी मुलगी अल्का हिला. ती तोंडाने कधी मागणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

३. हिरवे लुगडे स्नेहलला. चाळीस वर्षे गावोगाव बायकांना मतदान शिकवले, ते या लुगड्याच्या आडोशाने. दोन बांबूंना ते बांधायचे, आत पुठ्ठ्याचे खोके ठेवायचे. "इथं नवरा येत नाही, सासू येत नाही. बाहेर आल्यावर कोणालाच सांगायचं नाही," असे बजावायची.

खोके गावातल्या केवलरामजींना द्यावे. दारात उभे राहून ते मला म्हणाले होते, "आमच्या घरची मतं मीच ठरवतो, तू कायले फिरून राहिली?" त्याच वेळी त्यांची बायको शामकला आडोशाआड गेली आणि हसत बाहेर आली. ती का हसली, याचा विचार ते अजून करत असतील.

४. मागच्या ग्रामपंचायतीला राजदीप उभा होता. समोर जमुनाबाई, दारूबंदीसाठी माझ्याबरोबर पायपीट केलेली. राजदीप एका मताने पडला. घरी येऊन त्याने स्नेहलला विचारले, "मत कोणाले देलं?"

"आईनंच शिकवलं हाय, सांगाचं नाही," ती म्हणाली.

तेवढ्यावरून तिला आठ महिने माहेरी, कुडव्याला राहावे लागले. मी नियमाच्या आड लपून गप्प बसले.

राजदीप, जमुनाबाईला मत मी दिले होते. तू वाईट नाहीस, पण गावासाठी ती बरी होती. मत दिल्याचा मला पस्तावा नाही. गप्प बसल्याचा आहे, फार आहे.

स्नेहलने कोणाला दिले, मला माहीत नाही. मी गेल्यावरही तिला कोणी विचारू नये.

५. तेरवी करू नये. बुद्धवंदना पुरे.

मेल्यावर कबुली देणे म्हणजे पुन्हा लपणेच. म्हणून या कागदाची एक प्रत आज संध्याकाळी जेवायच्या आधी, स्नेहलसमोर, मी राजदीपच्या हातात देणार आहे.

सही : पार्वताबाई सेवकराम शहारे
साक्षीदार : १. हेमेंद्र गणवीर, शिक्षक
२. नीतू रामटेके, अंगणवाडी सेविका
सौंदड, ८ नोव्हेंबर २०२५