एका दिवसाची सावड

इस्लामपूर
३ मार्च २०२५

ती. क्रांतीताईस,
जयराजचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी सुरू झालो की तुला मध्ये शिरायला फट मिळत नाही, असं तूच म्हणतेस. आणि या खेपेला माझं बोलणंच अंगाशी आलंय.

गुरुवारी आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात विदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी तपासणारे दोन अधिकारी आले. रेक्टर रजेवर, म्हणजे ऑफिसात माझं, क्लार्कचं राज्य. त्यांनी एवढंच विचारलं की टांझानियाचा बराका इथेच राहतो का. हो म्हणून रजिस्टर पुढे केलं असतं तर विषय मिटला असता. पण त्या पोरावर माझा भारी जीव. मी चहा मागवला आणि त्याचं कौतुक लावलं. मराठी कशी फाडफाड बोलतो, महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी आपल्या कुंडलच्या रानात दिवसभर हळद कशी काढली, दोन गड्यांचं काम एकट्याने कसं उरकलं. एका साहेबांनी कप खाली ठेवून पेन काढलं. मला वाटलं, भारावले. मी गावाचं नाव, तालुका सगळं सावकाश सांगितलं. डोक्यावर पोतं घेतलेला त्याचा फोटो दाखवला आणि त्यांनी मागितल्यावर हौसेने व्हॉट्सअॅपवर पाठवलासुद्धा.

परवा बराकाला नोटीस आली. शिक्षणाच्या व्हिसावर मजुरी केल्याचा संशय आहे, अठरा तारखेला सांगलीला येऊन खुलासा करा, नाहीतर मुक्कामाची मुदत वाढणार नाही. ताई, मुदत मार्चअखेर संपते आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलात आहे. पोराची चार वर्षं पाण्यात जातील, ती माझ्यामुळे. तरी तो रोजच्यासारखा नमस्कार करून गेला, तेच जास्त लागलं.

काय करू ते कळव. बडबड्या भावावरही लोभ असू दे.

तुझा,
जयराज

*

सातारा
७ मार्च २०२५

चि. जयराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोक्याला हात लावला. इथल्या कॉलेजात विदेशी मुलांचं काम मी नऊ वर्षं बघतेय. असे कुणी आले की ओळखपत्र बघायचं, नाव आणि वेळ वहीत लिहायची, बसायला खुर्ची द्यायची आणि सरळ कुलसचिवांना फोन लावायचा. माहिती हवी असेल तर ती त्यांच्याकडे लेखी मागितली जाते. अधिकाऱ्यांना अडवायचं नाही, ते त्यांचं काम करतात. पण आपणही आपल्यापुरतंच करायचं. तू चहा अर्धा कप दिलास आणि माहिती बादलीभर.

मी मोठी शहाणी आहे असं समजू नकोस. पहिल्याच वर्षी अशाच साहेबांना मी लगबगीने जिना चढून एका मुलीच्या खोलीपर्यंत नेलं होतं. ती ओल्या केसांनी दारात उभी राहून बघत होती. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. आठवलं की अजून मान खाली जाते.

आता कुलसचिवांना सगळं खरं सांग, फोटोसकट. आणि बराकाने मजुरी घेतली का ते नीट विचार. घेतली नसेल तर ती सावड झाली. आज तो आपल्या रानात, उद्या आपण त्याच्या कामाला. तसं लेखी द्या. पण साहेब विचारतील की मग तुम्ही त्याचं कोणतं काम केलंत. आहे उत्तर?

काळजी करू नकोस असं म्हणणार नाही. थोडी कर.

तुझी,
ताई

*

इस्लामपूर
११ मार्च २०२५

ती. ताईस, सा. नमस्कार.

कुलसचिव मॅडमनी मला वीस मिनिटं झाडलं आणि मग शांतपणे, खुलाशाला मी स्वतः येईन, असं सांगितलं. आईला विचारायला कुंडलला गेलो. ती म्हणाली की पोरानं रुपाया घेतला न्हाई, दोन भाकरी आन् ठेचा खाल्ला, सावडच हाय ती. पर तू कवा फेडलीस रं? आयुष्यात पहिल्यांदा आईला माझं गप्प बसणं बघायला मिळालं.

काल बराकाच्या खोलीवर जाऊन माफी मागितली आणि म्हटलं, तुझ्या एका दिवसाच्या कामाच्या बदल्यात मी काय करू ते सांग. कपडे धुतो, खोली झाडतो. त्याने आधी मला खुर्ची दिली. मग फार अदबीने सांगितलं की दादा, अठराला माझ्याबरोबर या आणि दिवसभर काही बोलू नका.

ताई, त्यापेक्षा त्याने मला एकरभर हळद काढायला लावली असती तर बरं झालं असतं.

जयराज

*

सातारा
१४ मार्च २०२५

चि. जयराज,

दाताखाली लवंग धर. खिशात चार जास्तीच्या ठेव.

ताई

*

इस्लामपूर
१९ मार्च २०२५

ती. ताईस, सा. नमस्कार. वि. वि.

सहा लवंगा लागल्या. तोंड अजून बधिर आहे.

साहेब तेच होते, चहावाले. मॅडमनी आईचा अंगठा घेतलेला जबाब आणि विद्यापीठाचं पत्र पुढे ठेवलं. साहेबांनी थेट मलाच विचारलं की त्या दिवशी एवढं सांगत होता, आज काही सांगायचं नाही का. जिभेवर शंभर गोष्टी आल्या. मी बराकाकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

मग तोच बोलला, मराठीत. आमच्या गावातही पेरणीला शेजारी येतात, जेवून जातात, मजुरी कुणी विचारत नाही, हे त्याने सांगितलं. साहेबांनी विचारलं की सावड म्हणता, तर तुला बदल्यात काय मिळालं. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला की हे दादा सकाळी सातपासून बोललेले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझा चहा त्यांनी प्यायलेला, माझी बडबडही ऐकलेली. त्या बोटाची किंमत त्यांना कळली. हसू दाबत ते बराच वेळ लिहीत होते. एक दिवस, सुट्टीचा, विनामजुरी, असं नोंदवून त्यांनी मुदतवाढीवर सही केली. बराका परीक्षेला बसतोय.

परतीच्या एसटीत त्याने मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाला की दादा, फिटली सावड, आता बोला. ताई, इस्लामपूर येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो मात्र अख्खी वाट बोलत होता, आणि मी ऐकत होतो.

असाच लोभ ठेव. लवंगा संपल्यात, त्याही धाड.

तुझा,
जयराज