हजेरीचा निरोप

४ ऑगस्ट
बारावीला समाजशास्त्रात लिंगभाव, जमात आणि गुन्हा. पुस्तक म्हणतं, मुलींवर घरचा पहारा जास्त, म्हणून त्यांचा पोलिसांशी संबंध कमी. मी झोकात फळ्यावर लिहिलं. मागून सारिका म्हणाली, "मॅडम, आमच्यात उलटंय. कुठं चोरी झाली की बाप्ये पळतात, चौकीत माय जाते." सारिका पारधी वस्तीवरची, घरात दहावीपुढं गेलेली पहिलीच. वर्ग खिदळला. मी तास पुढं रेटला.

११ ऑगस्ट
सारिका निंदणीला जाते, कॉलेज बुडतं. प्राचार्यांचं म्हणणं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसवणार नाही. वस्तीवरच्याच एका मुलीबरोबर निरोप धाडला : वडिलांना म्हणावं, हजेरीसाठी कॉलेजात या.

१४ ऑगस्ट
वडील आले नाहीत, आता सारिकाही येईना. इतिहासाचे सर म्हणाले, "ह्या लोकांना कदर न्हाई." मीही चिडलेलीच होते, मान डोलावली. बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला.

१८ ऑगस्ट
दुपारी स्टाफरूमच्या दारात एक बाई. सारिकाची आई. कॅरीबॅगमध्ये घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. आत येईना.
"काय चोरीला गेलं मॅडम? पोरीचा बाप भिऊन जाफराबादकडं गेलाय. त्याच्या बदली माझी हजेरी लावा."
आधी कळेचना. मग उलगडलं. आमची हजेरी वर्गातली. त्यांच्या घरात आज्याच्या काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून हजेरी म्हणजे चौकीत जाऊन उभं राहणं. आणि हे मीच वर्गात शिकवते!
परोपरीनं समजावलं. चहा दिला, तो तिनं उभ्यानंच घेतला.
"सारिकाला पाठवाल ना?"
"ती रडून राह्यली मॅडम. म्हणती, म्या वर्गात बोलले म्हणून बापाला बोलावणं आलं."

२१ ऑगस्ट
'हजेरी' हा शब्द न काढता नावं वाचली. पोरांना गंमत वाटली. सारिकाचं नाव दोनदा घेतलं, ती आलीच नव्हती. इतकं खरं बोललेली पोर, आणि तिलाच वाटतंय आपलं चुकलं. जीव तुटतो.
तिचा बाप काल परत आल्याचं कळलं. रविवारी वस्तीवर जाऊन स्वतः सांगावं म्हणते. पण मला येताना पाहून तो पुन्हा पळाला तर?