यांचे फोटो आणि सुपडूभाऊंचे

शहादा, रविवार संध्याकाळ

वाचनालयातलं प्रदर्शन पाहून आले. एका भिंतीवर आमच्या यांच्या स्टुडिओतले जुने फोटो, समोरच्या भिंतीवर गावातल्या दुसऱ्या फोटोग्राफरचे, सुपडूभाऊंचे. दोघंही आता नाहीत, म्हणून एका हॉलमध्ये नांदले. जिवंतपणी एकमेकांच्या दुकानावरून जायचे नाहीत.

यांच्या फोटोंत सगळे ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर. ते हात हे स्वतः नीट करून ठेवायचे. सुपडूभाऊ मात्र सारंगखेड्याच्या यात्रेत फिरायचे. त्यांच्या एका फोटोत बांगड्या भरून घेताना एक बाई दुखतंय तरी हसतेय. तिच्या हाताकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिले. असा हात यांना कधीच का दिसला नाही?

शेजारची सुमन भेटली. "काकू, तुमले कोन्हा फोटो आवडनात?"

"आमनाच," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

खोटं बोलले. सुपडूभाऊच सरस होते. आज दोन्ही भिंती समोरासमोर पाहिल्या आणि पटलंच.

घरी येऊन मुलाला फोन लावला. "छान झालं ना आई? नंतर बोलतो," म्हणाला. हे असते आणि सुपडूभाऊ सरस म्हटलं असतं, तर माझ्यावर चिडले असते, "तुले काय समजस फोटोमधलं?" म्हणून न जेवता झोपले असते. मग मीच उठवलं असतं.

एकटीपुरती खिचडी टाकली. जेवताना मोठ्याने म्हणून पाहिलं, "सुपडूभाऊ तुमनापेक्षा भारी व्हतात."

कुणी चिडलं नाही.